वळणाला वाकणारं इंजिन

आमच्या पालघर-बोईसरच्या माणसाला रेल्वे म्हटली की सरळ रेषाच आठवते. १८६४ साली मुंबईपर्यंत पोचलेली ही जुनी बी. बी. अँड सी. आय. ची लाइन. दोन्ही बाजूंना भातखाचरं, पूर्वेला दूर डोंगर आणि मधून थेट गुजरातकडे गेलेले रूळ. इथे इंजिनाला वेग लागतो, जोर लागतो. वाकावं लागत नाही. वाकावं लागलं ते आपल्याच माथेरानच्या इंजिनांना.

डोंगरात रूळ टाकायचे तर बोगदे, पूल, भराव यांनी पैसा खाऊन टाकतो. तो वाचवायचा तर डोंगराच्या अंगाअंगानं, त्याच्या मर्जीनं वळत जावं लागतं आणि रूळही हलके वापरावे लागतात. हलक्या रुळाला वजन सोसत नाही, म्हणून इंजिनाचा भार जास्त चाकांवर वाटायचा. पण चाकं वाढली की इंजिन लांबतं आणि लांब इंजिन वळणात अडकतं. चाळीच्या जिन्यात लोखंडी कपाट चढवताना ज्यांनी घाम गाळला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

युरोपातल्या इंजिनिअरांनी यावर इंजिनाचे सांधेच मोकळे केले. फेअर्ली झाला, मॅले झाला. १९०७ साली इंग्लंडच्या गॅरटनं तर पेटंट घेतलं ते चक्क डोलीचं म्हणावं असं: पुढे एक यंत्र, मागे एक यंत्र आणि दोघा भोयांच्या खांद्यावर मध्ये बॉयलर. १९११ मध्ये असं एक इंजिन दार्जिलिंगला आलं. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं त्याच जातीची अजस्र इंजिनं आणली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी बँकेत होतो तेव्हा ट्रेलरच्या कर्जाची प्रकरणं माझ्याकडे येत. पुढच्या भागाला ड्रायव्हर 'घोडा' म्हणतात. कारखान्याच्या अरुंद फाटकातून घोडा आधी वळतो, मग पाठीमागचा पाटा. तत्त्व तेच.

माथेरानला मात्र निराळा उपाय झाला आणि तो मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून ही दोन फुटी लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. नेरळपासून सुमारे २१ किलोमीटर, चढ काही ठिकाणी विसास एक. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वेचे जनक तेच. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्यांचा बार्शीचा हिशेब. (याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी घेण्याच्या हवाई छत्र्याही बनवल्या!) बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं चार इंजिनं दिली, प्रत्येकी सहा चाकांची.

या इंजिनांचा सांगाडा कुठेच दुमडत नाही. वाकतो तो आस. सॅक्सनीच्या रेल्वेतले क्लीन आणि लिंडनर या दोघांची ही युक्ती. साध्या इंजिनात एका भरीव दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं घट्ट बसवलेली असतात. इथे पहिल्या आणि शेवटच्या जोडीत दांड्यावरून एक पोकळ नळी घातली आणि चाकं त्या नळीला बसवली. दांडा आणि नळी जोडलेली फक्त मधोमध, गोळ्याच्या सांध्यानं. आतला दांडा सांगाड्यात सरळ राहून जोर पोचवतो. बाहेरची नळी चाकांसकट वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. मनगट सरळ ठेवून सैल बांगडी कलती करावी, तसं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी खंदकांकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेसाठी अशाच आसांची इंजिनं दोन हजारांहून अधिक बांधली. माथेरानचं काम त्याच्या आधीचं.

शाळेच्या सहलीला मी या इंजिनामागे बसून गेलो आहे. डब्यातून उतरून चालत पुन्हा गाडी गाठायची, हा आम्हा पोरांचा पराक्रम. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली आणि सगळा कारभार डिझेलकडे गेला. आता एक इंजिन नेरळला, एक माथेरानला, एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक इंग्लंडात. आपण रंग दिला, चौथरा बांधला, चांगलं केलं. पण ज्या करामतीमुळे हे इंजिन इथे चालू शकलं, ती सांगाड्याच्या पोटात लपलेली आहे. उघडून दाखवलेल्या आसाची एखादी लाकडी प्रतिकृती शेजारी ठेवायला किती खर्च येईल? बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा खर्च फार वाटत नाही. आणि तो लवकर व्हावा, कारण ज्यांनी हे सांधे हातानं उघडले, वंगण घातलं, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. ती गेली की पुस्तकातलं चित्र तेवढं उरेल.

तोवर नेरळला उतरलात तर मुलांचा इंजिनापुढे फोटो काढाच. मग त्यांना जरा खाली वाकवा आणि दोन चाकांमधला आस शोधायला सांगा. दिसलाच, तर पहिल्या जोडीचा जाड असेल. ती नळी आहे, दांडा तिच्या आत आहे.