पुन्हा भरता येणारे विद्युत्घट

धाराशिव जिल्ह्यातील एखादा मुलगा तुळजापूरच्या यात्रेसाठी साठविलेले पैसे खर्चून ठोकळ्यांच्या मोटारगाडीकरिता सहा विद्युत्घट, म्हणजे सेल, आणतो आणि चार दिवसांत ते संपून जातात. अशा खेळण्यास पुन्हा भरता येणारे घट घ्यावेत. त्यांची किंमत अधिक, हे खरे. परंतु ते शेकडो वेळा भरता येतात. मात्र गाडी थोडी सावकाश धावू लागली, तर दुकानदाराने फसविले असे समजू नये. साधा घट १.५ व्होल्टचा असतो. निकेल-धातू-हायड्राइड या प्रकारचा पुन्हा भरता येणारा घट १.२ व्होल्टचा असतो. म्हणून सहा घटांचे ९ व्होल्ट न होता ७.२ व्होल्टच होतात.

घटावर २००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असेल, तर तो २०० मिलिअँपिअरचा प्रवाह सुमारे १० तास देऊ शकतो. भरताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाने तो भरण्यास १४ तासांच्या आसपास लागतात. मध्येच वीज गेली, तर वाट आणखी पाहावी लागते! साधा घट मात्र चार्जरमध्ये कधीही ठेवू नये. त्यातील रासायनिक क्रिया तशी उलटविता येत नाही. आत वायू साचून घट गळतो, क्वचित फुटतोही.