स्थिर लेन्सचा छोटा कॅमेरा : द्रव्यपरीक्षणासाठी ॲडॉप्टर व फ्लॅश यांचा उपयोग

कच्च्या औषधी द्रव्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचा प्रघात आता अनेक वैद्यांच्या चिकित्सालयांत व औषधनिर्मात्यांच्या कोठारांत रूढ झाला आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि यांतील पुष्कळशी छायाचित्रे प्रत्यक्ष गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरतात. मार्च महिन्यात आलेल्या अशोकसालीचे छायाचित्र ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात, दोन फुटांवरून काढलेले असते. ऑगस्टमध्ये आलेल्या मालाचे छायाचित्र खिडकीपाशी, ढगाळ निळसर प्रकाशात, वीतभर अंतरावरून काढलेले असते. दोन्ही शेजारी ठेवली तर सालीच्या आतील तांबूसपणात दिसणारा फरक द्रव्याचा की दिव्याचा, हे कोणासही सांगता येणार नाही. व्यापाऱ्याशी वाद उद्भवला, तर अशा चित्राचा आधार घेता येत नाही. आणि तोवर पोत्यातील माल कुटून काढ्याच्या पातेल्यात गेलेला असतो.

छायाचित्र पुराव्यादाखल उपयोगी पडावे, तर त्यातील अंतर व प्रकाश या दोन गोष्टी दर वेळी त्याच असल्या पाहिजेत. त्यासाठी महागड्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची आवश्यकता नाही, असे आमचे मत आहे. लेन्स कायमची जोडलेला छोटा कॅमेरा, त्यावर बसणारी ॲडॉप्टर-नळी, एक जवळ पाहण्याचे भिंग आणि कॅमेऱ्यापासून बाजूला धरता येणारा फ्लॅश, एवढ्या सामग्रीवर हे काम उत्तम होते. मोबाइल फोनने का होऊ नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मोबाइल सोयीचा खरा. परंतु तो रंग, उजेड व कडांचा ठसठशीतपणा आपल्या मर्जीने दुरुस्त करतो. सुंदर चित्र काढणे हा त्याचा हेतू असतो, आपला हेतू निराळा आहे.

ॲडॉप्टर म्हणजे काय?

या शब्दाने येथे थोडा घोटाळा होतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ॲडॉप्टर म्हणजे एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसविणारी कडी. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स काढताच येत नाही. त्यामुळे येथील ॲडॉप्टर ही कॅमेऱ्याच्या अंगावर बसणारी एक पोकळ नळी असून, तिच्या पुढच्या टोकाला आटे असतात. त्या आट्यांत भिंग किंवा फिल्टर फिरवून बसवायचा. कॅननच्या पॉवरशॉट जी १०, जी ११ व जी १२ या २००८ ते २०१० या काळात आलेल्या कॅमेऱ्यांत लेन्सभोवतीची कडी बटण दाबून काढता येते व तेथे ५८ मि.मी. आट्यांची नळी बसते. निकॉनच्या २००२ मधील कूलपिक्स ४५०० ला तर लेन्सवरच २८ मि.मी.चे आटे होते.

नळीचा खरा लाभ आट्यांपुरता नाही. कॅमेरा सुरू केला की लेन्स पुढे सरकते. तिला हलविणारी मोटर अगदी नाजूक असते. लेन्सच्या तोंडावरच गोंदाने कडी चिकटवून जड भिंग लटकविले, तर ते सारे वजन त्या मोटरवर पडते. नळी मात्र कॅमेऱ्याच्या अंगाला धरून असल्याने भिंगाचा भार लेन्सवर येत नाही. ज्या कॅमेऱ्यांना अशी नळी बसत नाही, त्यांवर चिकटविण्याची किंवा चुंबकी कडी वापरण्यास हरकत नाही. मात्र तिच्यावर हलका फिल्टरच असावा.

नळी बसविली व लेन्स विस्तृत कोनावर ठेवली, तर चित्राच्या चारही कोपऱ्यांत काळेपणा येतो. नळीच चित्रात दिसू लागते. म्हणून झूम शेवटपर्यंत पुढे नेऊन काम करावे. आपल्या कामास हेच सोयीचे आहे, ते कसे हे आता पाहू.

अंतराचे गणित

या कॅमेऱ्यांवर फुलाचे चिन्ह असलेली मॅक्रोची सोय असते आणि जी १२ तर १ सें.मी.पर्यंत जवळ जाऊ शकतो. जाहिरातीत हा गुण मोठा दिसतो. व्यवहारात लेन्स वस्तूला जवळजवळ टेकली, की तिचीच सावली वस्तूवर पडते व प्रकाश आत शिरायला वाट उरत नाही. शिवाय ही सोय विस्तृत कोनावरच असल्याने वस्तूचा आकारही फुगीर दिसतो.

जवळ पाहण्याचे भिंग म्हणजे चाळिशीच्या चष्म्याचाच प्रकार होय. त्यालाही अधिक नंबर असतो. कॅमेरा अनंत अंतरावर फोकस केला असता १००० ला नंबराने भागले, की भिंगापासून वस्तूपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मिळते. +४ च्या भिंगाला २५ सें.मी., +८ च्या भिंगाला साडेबारा सें.मी. कॅननची २५०डी व ५००डी ही भिंगे अनुक्रमे +४ व +२ ची. रेनॉक्सचे डीसीआर-२५० हे +८ चे. ही भिंगे एकाहून अधिक काचा जोडून केलेली असल्याने कडांना जांभळी-हिरवी किनार फारशी येत नाही. बाजारात चार भिंगांचा जो स्वस्त संच मिळतो, त्यातील प्रत्येक भिंग एका काचेचे असते व मोठ्या नंबराला ही किनार स्पष्ट उमटते. केशराच्या तंतूच्या कडेवर अशी परकी रंगछटा येणे आम्हांस परवडणारे नाही.

किती जागा चित्रात मावेल, हेही आधी काढता येते. लेन्सची प्रत्यक्ष नाभीय लांबी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिला भिंगाच्या नंबराने गुणून १००० ने भागावे. हे झाले चित्राचे परिमाण. जी १२ ची लेन्स पूर्ण झूमवर ३०.५ मि.मी. असते. +४ च्या भिंगाने परिमाण ०.१२२ येते आणि साडेसात मि.मी. रुंदीच्या त्याच्या संवेदकावर सुमारे ६ सें.मी. रुंदीची जागा मावते. +८ ने ती ३ सें.मी. होते. कॅमेरा १ कोटी बिंदूंचा असल्याने पहिल्या बाबतीत प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ६० व दुसऱ्या बाबतीत सुमारे १२० बिंदू मिळतात. साल, मूळ व फळे यांना पहिले पुरते; केशर, बीज व लहान फुले यांना दुसरे.

या गणितावरून एक गोष्ट ध्यानात येईल. झूम नसलेल्या, मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्याला, उदाहरणार्थ फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेला, ४९ मि.मी. आट्यांची कडी बसते खरी. पण त्याची लेन्स २३ मि.मी. व संवेदक सुमारे २४ मि.मी. रुंद असल्याने +४ चे भिंग लावूनही पंचवीस सें.मी. रुंदीची जागा चित्रात येते. आमच्या कामाला जुना, लहान संवेदकाचा व लांब झूमचा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो. त्याच्या चित्रात स्पष्टतेची खोलीही अधिक मिळते. मात्र ॲपर्चर एफ ५.६ च्या पुढे मिटवू नये. इतक्या लहान संवेदकावर प्रकाशाच्या विवर्तनाने बारकावे मऊ पडू लागतात.

फ्लॅश कोठे धरावा?

कॅमेऱ्यातील अंगचा फ्लॅश या कामी चालत नाही. नळी त्याच्या वाटेत येते व चित्राच्या खालच्या भागात अर्धचंद्राकार सावली पडते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर हॉट शू असेल, तर त्यावर वायर बसवून फ्लॅश बाजूला घ्यावा. हॉट शू नसेल, तर अंगच्या फ्लॅशच्या लखलखाटाने उडणारा स्लेव्ह फ्लॅश वापरता येतो. मात्र पुष्कळ कॅमेरे मुख्य प्रकाशाआधी एक चाचणीचा लखलखाट करतात. साधा स्लेव्ह त्यालाच फसतो व चित्र काळे येते. अशा वेळी अंगचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा किंवा पहिला लखलखाट सोडून देणारा स्लेव्ह घ्यावा.

फ्लॅशची ताकद ही नवख्या माणसाला चकविणारी बाब आहे. गाइड नंबर २८ चा साधारण फ्लॅश २५ सें.मी.वर एफ ५.६ ला, आयएसओ १०० ठेवून पूर्ण ताकदीने उडविला, तर हवा त्याच्या सुमारे ४०० पट प्रकाश पडेल. द्रव्य पांढरेफटक दिसेल. म्हणून फ्लॅश मॅन्युअलवर, १/६४ ताकदीला ठेवावा व त्याच्यापुढे बटर पेपरचे दोन पदर ताणून बसवावेत. जी १२ मध्ये प्रकाश १/८ करणारा एनडी फिल्टर आतच असतो, तोही प्रसंगी कामी येतो. एकदा योग्य आकडे सापडले, की ते वहीत लिहून ठेवावेत व पुन्हा बदलू नयेत. इतक्या कमी ताकदीला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळ लहान असतो. त्यामुळे हाताचा कंप चित्रात उतरत नाही.

व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर कधीही ठेवू नये. ‘फ्लॅश’वर ठेवावा आणि द्रव्याशेजारी एक करडे कार्ड, मिलिमीटरची पट्टी व बॅच क्रमांकाची चिठ्ठी असावी. ॲपर्चर व शटर यांची नोंद कॅमेरा स्वतःच चित्रात करतो. मॅन्युअल फ्लॅशची ताकद मात्र त्यास कळत नाही. ती चिठ्ठीवर लिहावी.

दोन प्रकारचे प्रकाश ठरवून घ्यावेत. रंगासाठी बटर पेपरमधून आलेला मऊ प्रकाश वरून, आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा. पोतासाठी फ्लॅश जवळजवळ मेजाच्या पातळीला, तिरपा. अशोकसालीच्या बाहेरील बाजूवरील गोलसर वायुरंध्रे व आडव्या रेषा तिरप्या प्रकाशातच उठून दिसतात. याच सालीच्या तुटलेल्या कडेवर, बाहेरच्या थराखाली, एक पातळ पांढरट अखंड थर असतो. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या वर्णनात त्याचा उल्लेख आहे. रस्त्याकडेला लावतात त्या उंच खोट्या अशोकाची साल याच नावाने खपविली जाते, हे वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हा सालीचे छायाचित्र घेताना बाहेर, आत व तुटलेली कड ही तीनही घ्यावीत. नुसते बाहेरचे चित्र वादात टिकत नाही.

केशराचे तंतू पाण्यात भिजवून काचेवर पसरावेत व काचेखालून पांढऱ्या कागदावर परावर्तित प्रकाश द्यावा. खरे केशर तुतारीसारखे टोकाला रुंदावलेले, झालरदार कडेचे दिसते. करडईच्या फुलाची पाच पाकळ्यांची नळी तिच्याशेजारी लगेच ओळखू येते. मिऱ्यांतील पपईच्या बिया बाहेरून चटकन कळत नसतील, तर दाणे मधोमध कापून छेदाचे चित्र घ्यावे. लहान व मोठे गोखरू ओळखायला कॅमेरा कशाला, असे कोणी म्हणेल. ओळखायला नको हे खरेच. दुसऱ्याला दाखवायला मात्र हवा. चूर्णाच्या बाबतीत छायाचित्राचा उपयोग जवळजवळ नाही, तेथे सूक्ष्मदर्शकच पाहिजे. आणि गंध, रस व स्पर्श यांची परीक्षा कोणत्याही लेन्समधून होत नाही.

रानात वनस्पतींची चित्रे घेताना याच कॅमेऱ्याचा आणखी एक गुण कामी येतो. त्याचे शटर लेन्समध्येच असल्याने फ्लॅश १/५०० सेकंदालाही जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा साधारण १/२०० ते १/२५० असते. भर उन्हात १/५०० व एफ ८ ठेवले, की मागील झाडी किंचित काळवंडते आणि जवळचे फूल, वाऱ्याने डोलत असले तरी, फ्लॅशच्या प्रकाशात स्थिर उमटते.

रुग्णांची छायाचित्रे

श्वित्र, किटिभ यांसारख्या त्वचाविकारांत व जिव्हापरीक्षणात महिन्या-महिन्याची चित्रे तुलनेला हवी असतात. तेथे +२ चे भिंग घ्यावे. रुग्ण अर्ध्या मीटरवर सुखाने बसतो व सुमारे १२ सें.मी. रुंदीचा भाग चित्रात येतो. ओल्या जिभेवरील चकाकी ही नेहमीची अडचण. तिच्यामुळे पांढरा साम लेप व नुसती लाळ यांत भेद करता येत नाही. ॲडॉप्टरवर पोलरायझिंग फिल्टर व फ्लॅशसमोर पोलरायझिंग पत्रा लावून फिल्टर हळूहळू फिरवावा. चकाकी नाहीशी होते. प्रकाश बराच घटतो, म्हणून फ्लॅशची ताकद वाढवावी लागते. लेखी संमती घेतल्याखेरीज चित्र काढू नये. चेहरा आवश्यक नसेल तेथे तो घेऊ नये.

खरेदीविषयी

वर सांगितलेले कॅनन व निकॉनचे कॅमेरे आता नवे मिळत नाहीत, जुन्या बाजारातच शोधावे लागतात. घेताना लेन्स आत-बाहेर आवाज न करता सरकते का, हॉट शूवर फ्लॅश उडतो का, हे पाहावे. नळीचा पुढील व्यास व भिंगाचा व्यास जुळत नसल्यास मध्ये बसणारी बदलकडी स्वस्तात मिळते. घरात पडून असलेला फिल्मच्या जमान्यातील फ्लॅश मात्र तसाच जोडू नये. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो व त्याने डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. फ्लॅश चार्ज करून त्याच्या तळाचा मधला बिंदू व कडेची पट्टी यांमधील दाब मल्टिमीटरने इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावा, आणि तो दोन आकडी निघाला तरी तो फ्लॅश स्लेव्हवर, कॅमेऱ्याला न जोडता, वापरावा.