कामाचे दप्तर किती जागा घेते?

रोजगार हमीच्या एका कामाला कागद किती लागतो, हे महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांना पन्नास वर्षांपासून पाठ आहे. १९७२च्या दुष्काळात योजना उभी राहिली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कामाचा आदेश, मस्टर, मोजमाप पुस्तिका, देयके आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. डहाणू तालुक्यातल्या नरपडसारख्या किनाऱ्यावरच्या गावातले काम असो की तलासरीच्या डोंगराळ पाड्यावरचे, फाइलीची वाट हीच.

या कागदी कारभाराला कितीही नावे ठेवली, तरी एक गोष्ट त्याने मनापासून केली होती. कागद किती वर्षे ठेवायचा, हे आधी ठरवले होते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एका वर्षाचा. त्यातच सहा गठ्ठा पद्धत. तिच्यातला एक गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि एक नष्ट करायच्या कागदांचा. १९८०च्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाचे दप्तर सुधारून दाखवले, तेव्हापासून ‘लखिना पॅटर्न’ हे नाव कचेऱ्यांच्या तोंडी आहे. रेकॉर्ड रूमला किती घोडे लागतील, हे या वर्गवारीवरून काढता येत होते.

२ फेब्रुवारी २००६ रोजी राष्ट्रीय रोजगार हमी सुरू झाली, १ एप्रिल २००८ पासून ती देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचली आणि कामांचा हिशेब संगणकावर गेला. तेव्हा कोणी डेटाबेसच्या जागेचा अंदाज मांडला असता, तर तो साहजिकच कामे आणि मजूर मोजून मांडला असता: इतकी कामे, इतके मजूर, हजेरीच्या इतक्या ओळी, एका ओळीला इतके बाइट. हिशेब रास्तच होता. मजकूर जागा खात नाही.

देवनागरीतला मजकूरसुद्धा नाही, जरी तो रोमनपेक्षा भारी असला तरी. सी-डॅकच्या काळातल्या इस्की या संकेतप्रणालीत एका चिन्हाला एक बाइट पुरे, म्हणजे ‘नरपड’ला चार. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये हेच नाव बारा बाइटांचे होते, तर रोमन लिपीत लिहिलेले सहांचे. याचा त्रास एकूण जागेपेक्षा रकान्याच्या रुंदीत होतो. तीस बाइटांचा रकाना म्हणजे काना-मात्रा-वेलांटी धरून जेमतेम दहा चिन्हे. ‘नळपाणीपुरवठा’ हा शब्द बारा चिन्हांचा आहे, तो त्यात मावणारच नाही. इंग्रजी डोक्यात ठेवून आखलेल्या तक्त्यात मराठी गावाची कामे भरायची, तर ही मोजणी पहिल्या दिवशी करायला हवी.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आदल्या दिवशी ठाणे जिल्ह्यातले असलेले नरपडचे काम दुसऱ्या दिवशी पालघरचे झाले. रस्ता तोच, मजूर तेच. पण मागचा खर्च आणि पुढचा खर्च एका धाग्यात दिसायचा असेल, तर जुना व नवा असे दोन्ही संकेतांक आणि बदलाची तारीख जपावी लागते. असा इतिहास जागेच्या अंदाजात क्वचितच धरला जातो. सुधारित अंदाजपत्रक, वाढीव मुदत, दुरुस्त केलेली हजेरी, यांतल्या प्रत्येकाची आधीची प्रत मागे राहतेच, आणि ती राहायलाच हवी.

खरा पालट फोटोंनी झाला. २०१६ साली पूर्ण झालेल्या कामांचे जिओटॅगिंग सुरू झाले. १ नोव्हेंबर २०१७ पासून कामाआधी, काम चालू असताना आणि काम संपल्यावर अशा तीन टप्प्यांवर फोटो आले. मे २०२१ मध्ये हजेरीचे मोबाइल ॲप आले आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्वच कामांवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली.

वीस मजुरांचे, सहा दिवसांच्या आठवड्याचे एक काम घेऊ. हजेरीची एक ओळ २०० बाइटांची धरली, तर १२० ओळींचे २४ केबी होतात. फोटो बारा, प्रत्येकी १०० केबी धरले तरी १,२०० केबी. म्हणजे पन्नासपट. मजूर एकही वाढलेला नाही, कामही तेच आहे. तालुक्यात अशी २०० कामे एकाच वेळी चालू असतील, तर २५० दिवसांत लाखभर फोटो, म्हणजे १० जीबी. एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती २०१० पासून २०२५ पर्यंत प्रत्येक डेटाबेसला नेमक्या याच मर्यादेवर थांबत होती. फोटो बाहेर फाइलींत ठेवून डेटाबेसात फक्त त्यांचा पत्ता ठेवला, तर तक्ते हलके राहतात, पण डिस्क कुठे तरी लागतेच. शिवाय इंडेक्स, व्यवहारांची नोंदवही, दुसऱ्या केंद्रावरची प्रत, रोजचा बॅकअप. मूळ एक टीबीचे चार-पाच टीबी सहज होतात.

म्हणून मला वाटते, जागेचा अंदाज अभियंता करत नाही, परिपत्रक करते. ‘दोन फोटो काढावेत’ या तीन शब्दांत साठवणुकीचा सगळा निर्णय असतो, आणि त्याच परिपत्रकात ते फोटो ‘क-१’ की ‘ड’ हे लिहिले, तर पाच वर्षांची मागणी कागदावर काढता येते. हजेरीचा फोटो सामाजिक अंकेक्षण होईपर्यंत हवाच. मजुरी अडकलेल्या वारली बाईचा तो पुरावा आहे, तो घाईने पुसणे अन्याय ठरेल. पण तक्रार नाही, अंकेक्षण झाले, मजुरी खात्यात पडली, त्यानंतर तो विहिरीच्या मोजमाप पुस्तिकेइतकाच काळ ठेवायचा का, हे कोणी तरी सही करून सांगितले पाहिजे. कागदाच्या काळात ते सांगितले जात होते.

हा प्रश्न रोजगार हमीपुरताच नाही. याच डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर, लाटरोधक बंधारा दहा किलोमीटरहून लांब. अशा कामात एका नकाशाच्या पंधरा-वीस आवृत्त्या निघणे नवलाचे नाही. ड्रोनची चित्रे, वाळूच्या व पाण्याच्या तपासण्या, मच्छीमारांच्या हरकती, भरपाईचे दावे, सारे एकाच प्रणालीत जमा होऊ शकते. यातल्या हरकती आणि दावे ‘अ’ वर्गात जावेत, असे मी आग्रहाने म्हणेन. ड्रोनच्या रोजच्या चित्रांपैकी महिन्यातले एक कायम ठेवून बाकीचे मुदतीने काढता येतील. ही वर्गवारी निविदेच्या अटींत आली, तर सर्व्हर किती घ्यायचे याचे उत्तर तिथेच मिळते.