तळं राखणारं शहर

जूनच्या अखेरीस डुलुथमध्ये रात्री नऊ वाजताही उजेड असतो. त्या उजेडात कालव्याच्या काठावर माणसं जमली होती. कुणी घडीची खुर्ची आणली होती, कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. समोर लेक सुपीरियर, पाठीमागे बंदर आणि दोन्हींना जोडणारी जेमतेम तीनशे फूट रुंदीची पाण्याची वाट. क्षितिजावरचा ठिपका वाढत वाढत अख्खं जहाज झाला. घंटा वाजली, मोटारी थांबल्या आणि पुलाचा मधला भाग रस्त्यासकट सरळ वर उचलला गेला. जहाजाने तीन लांब आणि दोन आखूड भोंगे दिले, पुलानेही तसंच उत्तर दिलं. तो आवाज कानांपेक्षा छातीत जास्त घुमला. मग १०५ फूट रुंद आणि हजार फूट लांब असं ते लोखंडी धूड आमच्या इतक्या जवळून गेलं, की डेकवरच्या खलाशाच्या हातातला कप दिसला. त्याने हात हलवला. काठावरच्या सगळ्यांनी हात हलवले, मीही.

लेकीची नोकरी तिथे, म्हणून मी तो उन्हाळा डुलुथमध्ये काढला. अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी हे नाव सहसा येत नाही. मिनेसोटा राज्याच्या ईशान्येला, तळ्याच्या अगदी पश्चिम टोकाला, डोंगरउतारावर चढत गेलेलं सुमारे ८६ हजार वस्तीचं हे शहर. गल्ल्या इतक्या उभ्या, की भाजीची पिशवी घेऊन चढताना दोनदा थांबावं लागे. पण थांबून मागे वळलं की प्रत्येक गल्लीच्या तळाशी निळं पाणी दिसे.

त्याला तळं म्हणताना जीभ अडखळते. लेक सुपीरियरचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे. त्यात आपली अडीच कोकणं मावतील. सर्वांत खोल जागी ते ४०६ मीटर आहे. भूपृष्ठावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी जगातला सुमारे दहावा हिस्सा या एका तळ्यात आहे. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘गिचिगामी’ म्हणतात, म्हणजे महासागर. शहराचं त्यांचं नाव ‘ओनिगामीन्सिंग’. होड्या खांद्यावर घेऊन ओलांडायची छोटी वाट, असा त्याचा अर्थ. १६७९ साली इथे आलेल्या दु ल्यूत या फ्रेंच माणसाचं नाव पुढे शहराला मिळालं. १८५४ च्या तहाने ओजिब्वेंची इथली जमीन गेली. शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मात्र त्यांनी त्या तहात राखून ठेवला आणि तो आजही त्यांच्याकडे आहे.

तळं हवामानही ठरवतं. ‘कूलर बाय द लेक’ हे शब्द तिथे रोज कानावर पडतात. डोंगरमाथ्यावर लेकीच्या घरी पंखा लावावा लागे आणि त्याच दुपारी खाली काठावर मी स्वेटर चढवत असे. जुलैतही त्या पाण्यात पाय पाच मिनिटं ठेवले की बधिर होतात.

बंदर आणि खनिज

अटलांटिकपासून साधारण ३,७०० किलोमीटर आत असलेलं हे बंदर लोखंडाने मोठं केलं. वाळूची लांबलचक पट्टी कापून कालवा १८७०-७१ मध्ये झाला. १९०५ साली त्यावर पूल आला. तेव्हा तो अधांतरी टांगलेल्या पाळण्यातून माणसं आणि गाड्या पलीकडे नेई. मोटारी वाढल्यावर १९३० च्या सुमारास त्याचा आजचा उचलपूल झाला. सेंट लॉरेन्स जलमार्ग १९५९ मध्ये खुला झाला आणि थेट समुद्रातली जहाजं इथवर पोहोचू लागली. तळ्यांमध्येच फिरणारं जहाज ‘लेकर’ आणि खाऱ्या पाण्यातून आलेलं ते ‘सॉल्टी’, हा भेद तिथलं शेंबडं पोरही सांगतं.

शहराच्या वायव्येला मेसाबीची लोखंडपट्टी आहे. उत्तम प्रतीचं खनिज दोन महायुद्धांनी खाऊन टाकलं. उरला तो टॅकोनाइट, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा लोखंड असलेला कठीण दगड. त्याची पूड करायची, लोहचुंबकाने लोखंड वेचायचं आणि त्याच्या गोट्या भाजायच्या, ही रीत मिनेसोटा विद्यापीठाच्या ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी अनेक वर्षं खपून बसवली. अशी एक गोटी मला रुळांच्या कडेला सापडली. बोराएवढी, तांबूस करडी, पण हातात घेतल्यावर बोराच्या मानाने फारच जड. अशा गोट्यांचे सुमारे २६ हजार टन घेऊन ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे जहाज ९ नोव्हेंबर १९७५ रोजी पलीकडच्या सुपीरियर गावाच्या धक्क्यावरून निघालं. दुसऱ्या दिवशीच्या वादळात ते २९ जणांसह बुडालं. काठावरची माणसं जहाजाला हात हलवतात, त्यामागे ही आठवणही असावी.

ओळखीचा दगड

डुलुथहून हायवे ६१ काठाकाठाने कॅनडाच्या हद्दीपर्यंत जातो. १९४१ साली डुलुथमध्ये जन्मलेल्या बॉब डिलनने या रस्त्याचं नाव आपल्या एका अल्बमला दिलं. वाटेत गूजबेरीचे धबधबे लागतात, पुढे स्प्लिट रॉकचं दीपगृह. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या किनाऱ्यावर कितीतरी जहाजं फुटली. ‘मटाफा’ तर डुलुथच्या कालव्याच्या तोंडाशीच अडकलं आणि काठावरून हजारो लोक बघत असताना त्यावरचे नऊ जण गारठून मेले. त्यानंतर १९१० मध्ये हे दीपगृह उभं राहिलं. त्याचा दिवा १९६९ साली नेमून दिलेल्या कामातून निवृत्त झाला, तरी दर १० नोव्हेंबरला बुडालेल्यांसाठी तो लावतात.

गूजबेरीच्या कातळावर मी प्रथम बसले तेव्हा हाताला ओळख पटली. काळा, बारीक छिद्रांचा दगड. सिंहगडाच्या वाटेवर असतो तसाच. तो बेसॉल्टच आहे. इथला लाव्हा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आपल्या दख्खनचा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजं साचत जातात. त्यातूनच अकीक तयार होतो, इथेही आणि आपल्याकडेही. काठावर लोक तासन् तास वाकून अकीक शोधतात. कोरडा असताना तो मळकट खड्याहून वेगळा दिसत नाही. एका आजींनी मला युक्ती शिकवली : सूर्याकडे तोंड करून चालायचं आणि ओल्या खड्यांतच बघायचं. चौथ्या दिवशी मला एक मिळाला. नखाएवढा, लाल, आत केसासारख्या पांढऱ्या रेघा. त्या प्रत्येक रेघेत कधीतरी झिरपलेलं पाणी होतं.

तळ्याची वही

याच रस्त्यावर, डुलुथपासून सुमारे ९० किलोमीटरवर, सिल्व्हर बे लागतं. १९५५ पासून रिझर्व्ह मायनिंग ही कंपनी इथे टॅकोनाइट दळून उरलेला चोथा थेट तळ्यात सोडत होती, दिवसाला ६७ हजार टनांपर्यंत. एवढं अथांग पाणी, त्याला काय होणार, असाच हिशेब होता. जून १९७३ मध्ये जाहीर झालं, की डुलुथच्या पिण्याच्या पाण्यात अॅस्बेस्टॉससारखे सूक्ष्म तंतू आहेत. शहर तोवर तळ्याचं पाणी न गाळताच पीत होतं, इतका त्याच्या स्वच्छतेवर विश्वास होता. गाळलेल्या पाण्याची तातडीने सोय करावी लागली, पुढे गाळणी केंद्र उभारावं लागलं. एप्रिल १९७४ मध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला. वरच्या न्यायालयाने दोन दिवसांत त्याला स्थगिती दिली. हजारो कुटुंबांची चूल त्या कारखान्यावर पेटत होती, हेही खरंच होतं. अखेर १९८० पासून चोथा जमिनीवर साठवला जाऊ लागला. कारखाना राहिला आणि तळंही.

शहराजवळ तळ्याला मिळणाऱ्या सेंट लुईस नदीची कथाही अशीच. कागद गिरण्या, पोलादाचा कारखाना आणि गावाचं सांडपाणी यांनी ती नासली होती. १९७१ मध्ये विधिमंडळाने सांडपाण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं आणि १९७८ मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. आता नदीत स्टर्जन मासे परतले आहेत. खाडीसारख्या उथळ मुखाशी ओजिब्वेंचं ‘मनूमिन’, म्हणजे पाण्यात उगवणारं रानधान्य, पुन्हा पेरलं जातंय. त्यांच्या परंपरेत पूर्वजांना असा आदेश होता, की जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा.

शहराने आपला आणखी एक गाळ उपसला, तो पाण्यातला नव्हता. १५ जून १९२० रोजी हजारोंच्या जमावाने तुरुंग फोडून एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी या तीन कृष्णवर्णीय सर्कस कामगारांना भर रस्त्यात फाशी दिलं. आरोप बलात्काराचा होता. डॉक्टरांच्या तपासणीत त्याला पुरावा मिळाला नव्हता. खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही आणि शहर कित्येक दशकं गप्प राहिलं. २००३ साली त्याच चौकात तिघांचं स्मारक झालं. मी तिथे गेले तेव्हा एक बाप आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हळू आवाजात सगळं समजावून सांगत होता. टाकून दिलं म्हणून काही नाहीसं होत नाही, हे डुलुथने पाण्याबाबत शिकायच्या कितीतरी आधी रस्त्यावर शिकायला हवं होतं. शेवटी दोन्हीकडे शिकलं, याचा मला आदर वाटतो.

‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा टोमणा मारायला वापरतो : ज्याच्या हाती कारभार तो आपला वाटा काढणारच. त्या उन्हाळ्यात मला तिचा सरळ अर्थ पटला. राखलं तरच चाखायला मिळतं. राखण संपलेलीही नाही. सुपीरियरचं उन्हाळी पाणी झपाट्याने तापतंय आणि दक्षिण काठावर २०१२ व २०१८ साली हिरवट शेवाळी तवंग दिसला. या थंडगार तळ्यात तो दिसेल, असं पूर्वी कुणाला वाटलं नसतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी लेकीच्या नळाचं पाणी पेलाभर प्याले. थंड, नितळ, कसलाही वास नाही. सुपीरियरमध्ये आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात. चोथ्याचा पहिला लोट पडला त्या १९५५ सालचं बरंचसं पाणी अजून त्याच तळ्यात आहे.