घशाशी अडणारी गोळी

‘गोळी जिभेवर ठेवली की उमासे येतात, पाण्यासकट बाहेर येते. पाळणा लांबवायला दुसरं काही आहे का?’ कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीचा हा प्रश्न. अशी तक्रार पुष्कळ जणींची असते. घरचे तिला नखरे म्हणून मोकळे होतात.

गंमत अशी, की माला-डी या गर्भनिरोधकाच्या पांढऱ्या गोळीत औषध असतं जेमतेम 0.18 मिलिग्रॅम. मिठाचे तीन-चार कण! बाकी सगळा भराव, गोळी चिमटीत धरता यावी म्हणून. अडवतो तो घसा, आणि मान मागे टाकून गिळायला गेलं की तो जास्तच अडवतो. हायडेलबर्गच्या संशोधकांनी 2014 मध्ये दीडशे लोकांवर एक युक्ती तपासली. मऊ प्लास्टिकची बाटली पाण्याने भरायची, गोळी जिभेवर ठेवायची, बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावायचे आणि हवा आत न जाऊ देता पाणी ओढायचं. चोखण्याच्या ओघात गोळी निघून जाते. सुमारे 60 टक्के वेळा गिळणं सोपं झालं. पाकिटातल्या लोहाच्या सात गोळ्या तर राहिल्या तरी गर्भनिरोधात फरक पडत नाही. नवं पाकीट वेळेवर सुरू करायचं, एवढंच. हॉर्मोनची गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली, तर मात्र दुसरी घ्यावी.

गोळीच्या जन्मकथेला कोल्हापूरचीही एक बारीक किनार आहे. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ना. सी. फडक्यांनी (होय, कादंबरीवाले तेच) 1927 मध्ये संततिनियमनावर इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि त्याला प्रस्तावना होती थेट या चळवळीच्या अमेरिकन अग्रणी मार्गारेट सँगरबाईंची. त्यातला सुप्रजननाचा आग्रह आज खटकतो. पण त्या काळात प्राध्यापकाने असं लिहायला छाती लागत होती. याच सँगरबाईंनी पुढे उतारवयात संशोधक ग्रेगरी पिंकस यांना गोळीच्या मागे लावलं, कॅथरिन मॅकॉर्मिकबाईंनी पैसा ओतला, आणि 1960 मध्ये अमेरिकेत गोळीला मंजुरी मिळाली. मुळात घोडं पेंड खात होतं यकृतापाशी. तोंडाने घेतलेलं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन यकृत बरंचसं मोडून टाकतं. त्याला पुरून उरणारा एक रेणू 1951 मध्ये मेक्सिकोत लुईस मिरामोंतेस या विद्यार्थ्याच्या हातून तयार झाला. नाव गाजलं ते त्याच्या वरिष्ठांचं, कार्ल जेरासींचं.

आपल्याकडे डॉ. नित्यानंद यांचं तर नावही फार जणांनी ऐकलेलं नसतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सेंटक्रोमॅन हे गर्भनिरोधक घडवलं. त्यात हॉर्मोन नाही. 1991 मध्ये ते ‘सहेली’ नावाने बाजारात आलं. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ म्हणून फुकट मिळतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एकच गोळी. रोज घशाशी झटापट करणारीला केवढा दिलासा! काहींची पाळी लांबते, हे आधी सांगितलेलं बरं. 2024 च्या जानेवारीत नित्यानंद वयाच्या 99 व्या वर्षी गेले.

गिळायचंच नसेल तर ‘अंतरा’ची सुई आहे, दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होते, कधी थांबते. न सांगता सुई दिली की बायका घाबरून ती सोडतात. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात. तांबी बसवली तर 380-ए जातीची दहा वर्षं चालते, तीही हॉर्मोनशिवाय. सुरुवातीला अंगावरून जास्त जातं, कळाही येतात. आशाताईंशी बोलून, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घेऊन ठरवावं.

आणि पतिराज? ‘पुरुषांसाठीची गोळी लवकरच’ हा मथळा मी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचला आहे, की आता नुसता हसतो. बिनटाक्याची नसबंदी मात्र आजही होते आणि दहा-पंधरा मिनिटांत उरकते. मूल नको हे पक्कं ठरलेल्या जोडप्याने तिचा विचार करावा. नंतर तीन महिने निरोध वापरायचा, आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत हे कळल्यावरच तो थांबवायचा.