तंत्रलेखन आणि संघजीवन

डॉक्टरांची परिषद असते, वकिलांचा संघ असतो. पण यंत्र कसे चालवावे नि कसे दुरुस्त करावे हे लिहून सांगणाऱ्याला संघ कशाला हवा, असे मला अनेकदा विचारण्यात आले आहे. लेखन हे एकट्याने करावयाचे काम, अशी आपली समजूत आहे. ललित लेखनापुरती ती खरीही असेल. तंत्रलेखनात मात्र ती घातक ठरते, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

नागपुरास हा विषय नवा नाही. ‘उद्यम’ मासिकाने येथूनच शेती व उद्योगधंद्यांची माहिती सोप्या मराठीत वाचकांपर्यंत पोचविली. डॉ. रघुवीर यांनी येथेच संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे पारिभाषिक शब्दांची जणू टांकसाळ उघडली. पुढे १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली व मराठीतून विज्ञान सांगणारांना एकत्र येण्यास जागा मिळाली. शब्द घडविणे, वापरणे आणि पारखणे अशी ही तीन कामे आहेत. त्यांपैकी तिसरे एकट्याला साधत नाही.

आमच्या व्यवसायबंधूंच्या बैठकींत चहा थोडा आणि वाद फार असे. ‘रोहित्र’ लिहावे की ‘ट्रान्सफॉर्मर’, यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी कोणीतरी आठवण दिली की, खेड्यातला शेतकरी त्याला ‘डीपी’ म्हणतो!

एकदा वीजजोडणीच्या एका माहितीपुस्तिकेचा मसुदा वाचला जात होता. ‘या तपासणीच्या वेळी मंडल बंद असावे,’ असे वाक्य आले. मागे बसलेल्या एका वयस्क वायरमनने विचारले, “बंद म्हणजे वीज बंद ना?” सारे गप्प झाले. नळाची झडप बंद केली की पाणी थांबते. पण विजेचे मंडल ‘बंद’ झाले, म्हणजे त्याची दोन्ही टोके जुळून ते पूर्ण झाले, की प्रवाह वाहू लागतो. इंग्रजी संज्ञेचे ते शब्दशः भाषांतर होते आणि शास्त्रदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती. तरीही त्यावर विसंबून एखाद्याने उघड्या तारेला हात लावला असता, तर त्याच्या प्राणांवर बेतले असते. त्याच बैठकीत ‘जोडलेले मंडल’ व ‘तोडलेले मंडल’ असे लिहावयाचे ठरले. वीज चालू की बंद, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगावे, असेही ठरले.

हा दोष अभियंत्याला दिसला नाही, कारण त्याला शास्त्रीय अर्थ ठाऊक होता. भाषातज्ज्ञालाही दिसला नाही, कारण वाक्य शुद्ध होते. ज्याचा हात तारेवर जाणार होता, त्यालाच तो दिसला. संघाचा खरा उपयोग हा आहे. मात्र त्यासाठी संघाचे दार अशा माणसाला उघडे असले पाहिजे.

अमेरिकेत १९५३ साली सुरू झालेल्या तंत्रलेखकांच्या संघटनांतून पुढे ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ उभी राहिली. आर्थिक अडचणींमुळे २०२५ च्या जानेवारीत तिला आपले काम थांबवावे लागले. एवढी मोठी संस्था मोडू शकते, तेथे आपल्या लहान मंडळांची काय कथा! पण महिन्यातून एकदा दहा जणांनी एकत्र बसून एक पान मोठ्याने वाचावयास फारसा खर्च येत नाही. आज संगणक क्षणात भाषांतर करून देतो. ते वाचून “बंद म्हणजे काय?” असे विचारणारा माणूस जवळ असणे त्यामुळेच अधिक अगत्याचे झाले आहे.