काटेवाडीच्या कच्च्या वाटा : फटफटीवरून एकट्यानें

'चाकोरी' हा शब्द आपण शहरांतील लोक बहुधा निंदेनेंच उच्चारतों. चाकोरींतलें आयुष्य, चाकोरींतली नोकरी! परंतु मूळचा हा शब्द बैलगाडीच्या चाकांनीं मातींत पाडलेल्या खोल रेषेचा आहे, आणि त्या रेषेशीं ज्याची प्रत्यक्ष गांठ पडते त्याला तिच्याविषयीं निराळें मत बनवावें लागतें. बारामती व इंदापूर तालुक्यांतील कच्च्या वाटांवरून फटफटीनें एकट्यानें प्रवास कसा करावा, हा या भाषणाचा विषय आहे.

काटेवाडी हें गांव बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तुकाराममहाराजांची पालखी दरसाल आषाढीपूर्वीं याच मार्गानें पंढरपुरास जाते. काटेवाडींत परीट समाज पालखीस धोतरांच्या पायघड्या घालतो व तेथें मेंढ्यांचें रिंगण होतें, हें पुष्कळ श्रोत्यांस ठाऊक असेल. तो पालखीमार्ग आतां रुंद महामार्ग झाला आहे. ज्याला वेगाची हौस आहे त्यानें खुशाल त्यावरून जावें. ज्याला मुलूख पाहावयाचा आहे त्यानें गांवांतून बाजूस वळावें. तेथें शेतांमधल्या पाणंदी, शिवेवरचे रस्ते आणि माळावरच्या गाडीवाटा लागतात. या वाटा कोणाच्या मेहेरबानीनें पडलेल्या नाहींत. जुन्या गांवनकाशांत त्यांतील पुष्कळशा दाखविलेल्या असतात, आणि शेताची रुळलेली वाट कोणीं अडविली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमान्वयें ती मोकळी करून घेतां येते. ज्या वाटेसाठीं शेतकऱ्याला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, तिच्यावरून पाहुण्यानें धूळ उडवीत जाणें शोभत नाहीं.

या वाटांचा स्वभाव ठरविणारी मुख्य गोष्ट म्हणजे नीरा डावा कालवा. १८७६-७७ च्या दुष्काळानें होरपळलेल्या या मुलखांत १८८५ सालीं त्याचें पाणी खेळूं लागलें. वीरजवळ नीरेचें पाणी घेऊन हा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून सुमारें शंभर मैल जातो. पाणी उतारानेंच वाहणार. म्हणून कालव्यापासून दक्षिणेस नदीपर्यंतची जमीन भिजते आणि उत्तरेचा माळ कोरडा राहतो. पाऊस दोहींकडे सारखाच तुटपुंजा, वर्षाला वीस इंचांच्या आसपास. विहिरी, शेततळीं व उपसा योजना यांनीं ही सीमा आतां ठिकठिकाणीं पुसट केली आहे. तरीही कालव्याचा पूल ओलांडतांच चाकाखालचा आवाज बदलतो. डोळ्याआधीं चाकाला कळतें कीं, मुलूख बदलला.

कालव्याखालीं काळी माती. सह्याद्रीच्या अग्निजन्य काळ्या पाषाणाची झीज होऊन ती बनली आहे. तिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळले कीं आकसतात. म्हणून उन्हाळ्यांत तिला हातभर भेगा पडतात, आणि पावसांत तीच माती चाक व चिखलरोधक पत्रा यांच्यामध्यें बसून चाकच जाम करते. अशा वेळीं इंजिनाचा जोर लावून उपयोग नाहीं. उतरून काठीनें चिखल काढावा लागतो. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या रानांत शिरूं नये, हा पहिला नियम. पाण्याचा अतिरेक झाला तेथें जमिनीवर पांढरा थर दिसतो. नीराखोऱ्यांतील या खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मान यांनीं १९१० च्या सुमारासच केला होता. पाण्यानें समृद्धि आली आणि निचरा न झाल्यास तेंच पाणी जमीन कसें मारतें, हें दोन्ही एकाच वाटेवर पाहावयास मिळतें.

उसाच्या हंगामांत याच वाटांवरून भरलेल्या गाड्या व ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात आणि चाकोऱ्या खोल होतात. चाकोरींत चाक शिरलें कीं नवशिका मनुष्य घाबरून पुढच्या चाकाकडे पाहूं लागतो व हमखास पडतो. दृष्टि वीस-पंचवीस पावलें पुढें ठेवावी, हात सैल ठेवावेत आणि गति एकसारखी ठेवावी. गाडी आपोआप चाकोरी धरून चालते. बाहेर पडावयाचेंच असेल तर वेग अगदीं कमी करून, कांठ उतरता असेल तेथें, चाक शक्य तितकें आडवें वळवून पडावें. तिरकस रेंगाळत कांठावर चढूं गेल्यास चाक घसरतें.

कालव्याच्या उत्तरेस मुरूम लागतो. हा त्याच पाषाणाचा अर्धवट कुजलेला भुगा. पाणी तो लगेच पिऊन टाकतो, म्हणून पावसानंतरही वाट लौकर चालती होते. मात्र सुटे खडे चाकाखालीं मण्यांसारखे फिरतात. येथें पुढचा ब्रेक एकदम दाबणें म्हणजे पडण्यास आमंत्रण. वेग वळणापूर्वींच कमी करावा, मागचा ब्रेक हलक्या पायानें वापरावा, आणि खडबडीत जागीं पायटांवर उभें राहून गुडघ्यांनीं धक्के झेलावेत.

शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूचा हा माळ शहरी डोळ्यास ओसाड भासतो. सरकारी दप्तरांतही अशा जमिनीस पुष्कळदां 'पडीक' म्हटलें गेलें. वस्तुतः चिंकारा, लांडगा आणि खोकड यांचें हें घर आहे, व धनगरांचीं मेंढरें पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर जगलीं आहेत. माळटिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी घरटें झाडावर बांधीत नाहींत; उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाचीं अंडीं घालतात. फटफटीवाल्यानें मौजेखातर वाट सोडली तर तीं अंडीं चाकाखालीं केव्हां गेलीं हें त्याला कळणारही नाहीं. पातळ मातींत उमटलेला चाकाचा ओरखडा पुढच्या पावसाच्या पाण्याला वाट करून देतो, आणि कांहीं वर्षांत तेथें घळ पडते. म्हणून येथें चाकोरी सोडूं नये. वनखात्याच्या हद्दींत तर परवानगीवांचून गाडी नेऊंच नये.

एकट्यानें जाण्याचा लाभ असा कीं, कोणासाठीं थांबावें लागत नाहीं व कोणाच्या मागें धांवावेंही लागत नाहीं. मेंढरांचा कळप आडवा आला तर इंजिन बंद करून तो जाऊं द्यावयास वेळ असतो. तोटा असा कीं, गाडी अंगावर पडली तर उचलावयास दुसरा हात नाहीं. यास्तव कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार हें घरीं सांगून ठेवावें. पाणी, हवा भरण्याचा पंप व पंक्चरचें सामान बरोबर असावें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं डांबरी रस्ता गांठावा. वाट विचारतांना 'हा रस्ता कोठें जातो' एवढेंच न विचारतां 'पुढें ओढ्याला पाणी आहे का' हेंही विचारावें. त्याचें उत्तर नकाशांत मिळत नाहीं.

कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस या प्रवासास उत्तम. काटेवाडीहून सकाळीं निघून, कालवा ओलांडून, माळ पार करीत उत्तरेस गेल्यास भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्याचें विस्तीर्ण पाणी दिसतें. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या उथळ कांठीं हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि त्याच पाण्याखालीं जुनीं गांवें व त्यांच्या गाडीवाटा गेल्या आहेत. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ पुन्हां उघडें पडतें.